वाचकांचे प्रश्न : मुंबईहून लंडन नेमके किती दूर?

शाळा-महाविद्यालयांच्या सुट्ट्या जवळ आल्या की परदेशी असलेल्या मुला-नातवंडांकडे जाण्याची तयारी घरोघरी सुरू होते आणि त्याबरोबर आमच्याकडे प्रवासाविषयीची पत्रेही वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मुंबई–लंडन या एकाच मार्गाविषयी असल्यामुळे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुलाकडे लंडनला पहिल्यांदाच जात आहे. अंतर शोधले असता एके ठिकाणी ७,२०० किलोमीटर, दुसरीकडे ४,४८० मैल आणि तिसरीकडे ३,८९० मैल असे लिहिलेले आढळले. यांतले खरे कोणते मानावे? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : तिन्ही खरे आहेत, कारण तिन्ही एकच अंतर सांगतात. आपण रस्त्यावर ज्याला मैल म्हणतो तो १.६०९ किलोमीटरचा असतो, तर जहाजे आणि विमाने वापरतात तो सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. पृथ्वीच्या अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यांतल्या एका भागाची लांबी साधारण एवढी भरते, आणि १९२९ साली आंतरराष्ट्रीय संमतीने ती १,८५२ मीटर अशी ठरवून टाकण्यात आली. संकेतस्थळे ‘मैल’ एवढेच लिहून मोकळी होतात आणि कोणता मैल ते सांगत नाहीत, त्यामुळे हा घोळ होतो. शंका आल्यास किलोमीटरचाच आकडा धरावा.

मात्र हे अंतर कुठून कुठपर्यंतचे आहे, हेही लक्षात घ्यावे. ते गेटवेपासून लंडन ब्रिजपर्यंतचे नसून मुंबईचा सहार विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ या दोन बिंदूंमधले, पृथ्वीच्या पाठीवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेचे आहे. मध्य लंडनच्या पश्चिमेला वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या हीथ्रोहून मुलाच्या घरी पोहोचण्याचा हिशेब त्यात अर्थातच धरलेला नाही. शिवाय त्या रेषेवरून तंतोतंत जाणारे विमान सहसा कोणाला मिळत नाही. ते का, याचे उत्तर पुढच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि लंडन जोडले असता रेषा अरबी समुद्र, इराणचा दक्षिण भाग, इराक, तुर्कस्तान आणि बाल्कन देश यांवरून जाते. परंतु जवळचा मार्ग कराची आणि कॅस्पियन समुद्रावरून जातो, असे पुतण्याने सांगितले. तो उत्तरेकडे एवढा वळसा घेऊनही जवळचा कसा? आणि हल्ली विमाने नेमकी कुठून जातात? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपला पुतण्या बरोबर सांगतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशावरची सरळ रेषा प्रत्यक्षात वाकडी असते. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत एक दोरा ताणून धरावा. तो नकाशावरच्या रेषेपेक्षा बराच वर सरकलेला दिसेल. पट्टीच्या रेषेने गेल्यास सुमारे ७,४०० किलोमीटर भरतात आणि दोऱ्याने गेल्यास ७,२००. म्हणजे दोनशे किलोमीटरांचा फरक केवळ कागदामुळे पडतो.

आता या दोऱ्याखाली काय काय येते ते पाहण्यासारखे आहे. सौराष्ट्राचा किनारा ओलांडल्यावर दोरा जवळजवळ थेट कराचीवरून जातो, पुढे बलुचिस्तान आणि इराणचे वाळवंट ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण टोकाशी येतो, निम्म्या वाटेवर जॉर्जियातील तिबिलीसी शहराच्या आसपास पोहोचतो, नंतर काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेनचा पश्चिम भाग आणि जर्मनी असे करत इंग्लंडात उतरतो. वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्याला या नावांची वेगळी ओळख करून द्यायला नको. गेल्या दहा-बारा वर्षांत ज्या ज्या ठिकाणचे आकाश नागरी विमानांना बंद झाले, त्यांतली बरीचशी ठिकाणे या एका दोऱ्यावर ओवलेली आहेत.

क्रिमियावरचे आकाश २०१४ पासून विमान कंपन्या टाळू लागल्या. युक्रेनची संपूर्ण हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने आक्रमण केले त्या दिवशी, नागरी विमानांना बंद झाली. बालाकोटच्या घटनेनंतर पाकिस्तानने आपली हद्द २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बंद केली, ती पूर्णपणे खुली व्हायला त्या वर्षीचा १६ जुलै उजाडला. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ती भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद झाली आणि पुढे महिन्यामहिन्याने ती मुदत वाढत गेली. त्यातच १३ जून २०२५ रोजी इस्राएलने इराणवर हल्ले केल्यावर इराणचे आकाश एकाएकी बंद झाले आणि त्या दिवशी पश्चिमेकडे निघालेल्या काही विमानांना अर्ध्या वाटेतून माघारी यावे लागले.

यात एक बारकावा असा की, पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांपुरती आहे. त्यामुळे एकाच रात्री मुंबईहून लंडनला निघालेल्या दोन विमानांपैकी ब्रिटिश कंपनीचे विमान कराचीच्या दिशेने जाऊ शकते आणि भारतीय कंपनीचे विमान अरबी समुद्रावरून मस्कतकडे वळते. दोन्हींच्या तिकिटांवर प्रस्थान आणि गंतव्य तेच असते, पण खालची भूमी वेगळी असते.

वळशाने अंतर किती वाढते, याचा ढोबळ हिशेब आम्ही पृथ्वीगोलावरच केला. मुंबई, मस्कत, बगदाद, इस्तंबूल आणि लंडन असे टप्पे धरले तर सुमारे ७,४५० किलोमीटर होतात, म्हणजे जेमतेम अडीचशे किलोमीटर जास्त. गंमत अशी की हा वळसा आपल्या भिंतीवरच्या नकाशातील पट्टीच्या रेषेच्या बराच जवळून जातो. इराकही टाळायचे ठरले आणि मस्कत, रियाध, कैरो असे जावे लागले तर आकडा ७,९०० च्या पुढे जातो, आणि त्याचा अर्थ विमानाला पाऊण ते एक तास अधिक लागतो. या बाबतीत मुंबई सुदैवी म्हणायची. दिल्ली ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा पाचशेने कमी. परंतु पाकिस्तान टाळायचे तर दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातपर्यंत खाली यावे लागते आणि मग मुंबईच्याच वाटेला लागावे लागते, त्यात त्याचे हजाराहून अधिक किलोमीटर वाढतात. अशा दिवसांत नकाशावर लंडनच्या जवळ असलेली दिल्ली प्रत्यक्षात मुंबईपेक्षा दूर पडते.

प्रश्न : मोठी प्रवासी विमाने ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडतात. ७,२०० ला ९०० ने भागले की आठ तास येतात. मग तिकिटावर जाताना दहा तास आणि येताना नऊ तास का लिहिलेले असतात? कंपन्या वेळ फुगवून सांगतात का? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : थोडासा फुगवतात, पण सगळा फरक त्याचा नाही. तिकिटावरचा कालावधी हा हवेत असण्याचा काळ नसतो. विमान मुंबईच्या फाटकापासून मागे सरकते त्या क्षणापासून ते लंडनच्या फाटकाशी पुन्हा उभे राहते त्या क्षणापर्यंतचा तो काळ असतो, आणि या धंद्यातले लोक त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात.

आता हिशेब मांडू. ताशी ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भातला आहे, जमिनीच्या संदर्भातला नाही. पश्चिमेकडे जाताना वाटेत सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीवरून मोजलेला वेग ८४० राहतो. अंतर वळशासह ७,४५० धरले तर आठ तास पन्नास मिनिटांच्या आसपास होतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असल्यामुळे आणखी दहा-पंधरा मिनिटे जातात. राहिलेला पाऊण तास दोन्ही विमानतळांच्या वाट्याला येतो.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि व्यवहारात संपूर्ण विमानतळ एका धावपट्टीवर चालतो. मध्यरात्रीनंतर, म्हणजे युरोपकडे जाणाऱ्या विमानांच्या ऐन गर्दीच्या वेळी, फाटकापासून सुटलेले विमान धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभे असते. खिडकीतून पाहिले तर पुढच्या विमानांचे शेपटावरचे दिवे ओळीने दिसतात आणि दर दोन-तीन मिनिटांनी रांग एका विमानाने पुढे सरकते. ही वीस-पंचवीस मिनिटे ब्लॉक टाइममध्ये धरलेली असतात.

लंडनला याची दुसरी बाजू पाहायला मिळते. हीथ्रोच्या दोन्ही धावपट्ट्या समांतर आहेत आणि साधारणतः एक उतरण्यासाठी, एक उडण्यासाठी अशी वाटणी असते, तरीही येणाऱ्या विमानांची दाटी एवढी असते की त्यांना शहराभोवतीच्या चार ठरावीक जागांवर घिरट्या घालत थांबवले जाते. बोव्हिंग्डन, लॅम्बॉर्न, बिगिन हिल आणि ऑकम अशी त्या जागांची नावे आहेत. आपल्याकडून जाणारे विमान बहुधा पूर्व बाजूच्या लॅम्बॉर्न किंवा बिगिन हिल यांपैकी एका ठिकाणी येते. तेथे विमाने एकावर एक, हजार-हजार फुटांच्या अंतराने, लांबट वर्तुळात फिरत असतात. सर्वांत खालचे विमान उतरायला निघाले की वरचे प्रत्येक विमान एक पायरी खाली येते. एका फेरीला चार-पाच मिनिटे लागतात. समोरच्या पडद्यावर विमानाची खूण लंडनच्या काठाशी एकाच जागी गोल गोल फिरताना दिसली, तर काही बिघडले आहे असे समजू नये. आपला नंबर लागायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

येताना वारा पाठीशी असतो. जमिनीवरचा वेग ९६० धरला तर तेच ७,४५० किलोमीटर पावणेआठ तासांत होतात, त्यात चढउतार आणि दोन्हीकडची रांग मिळवली की नऊ तासांच्या आत काम आटोपते. राहिला प्रश्न फुगवण्याचा. वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हिशेबात उशीर धरला जात नाही, आणि वक्तशीरपणाचे आकडे तर जाहीर होतात. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांची पदरची भर कंपन्या घालतात हे खरे. ‘वेळेआधी पोहोचलो’ अशी घोषणा ऐकून टाळ्या वाजवण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान पश्चिमेला लंडनकडे जात असताना लंडन स्वतःच त्याच्याकडे यायला हवे आणि जाताना कमी वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात उलटे का होते? (इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे आणि मोठी माणसेही येथे अडखळतात. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते. पण तिच्याबरोबर तिच्यावरची हवाही सरकते आणि विमान त्या हवेतच असते. हवा मागे राहिली असती तर मुंबईत कायमचे दीड हजार किलोमीटर वेगाचे वादळ वाहिले असते आणि विमानाची गरजच उरली नसती. उडताना विमानालाही तो वेग आधीच मिळालेला असतो, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा किंवा तोटा होत नाही.

तोटा होतो तो आडवाटेने. विषुववृत्ताकडची हवा तापते, ध्रुवाकडची थंड राहते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे या दोहोंमधली देवघेव सरळ उत्तर-दक्षिण न होता पूर्वेकडे वळते. त्यातून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, नेमके जेथे विमाने उडतात तेथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे जोरकस वारे तयार होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरात आणि अधिक दक्षिणेला, अगदी उत्तर भारतावरून वाहतात, आणि मोसमी पावसाच्या सुरुवातीला तिबेटच्या उत्तरेकडे सरकतात. त्यामुळे लंडनला जाण्याचा काळ जानेवारीत जास्त आणि जुलैत काहीसा कमी असू शकतो.

वाऱ्याचा हा जोर किती मोलाचा आहे याचे एक उदाहरण देतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही एअर इंडियाची सेवा पूर्वी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने पॅसिफिकवरचा मार्ग धरला. जुना मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा आणि नवा सुमारे १५,३०० किलोमीटरचा, तरीही वारा पाठीशी मिळाल्यामुळे विमान आधीपेक्षा लवकर, सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही वेळ वाचला.

प्रश्न : माझे आजोबा विमानाने लंडनला गेले होते तेव्हा वाटेत कैरोला थांबले होते, असे घरात सांगतात. हे खरे असावे का? (एक वाचक, दादर)

उत्तर : अगदी खरे असावे. एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली लंडन सेवा ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाली आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला पोहोचली. ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे, चार पंख्यांचे विमान होते आणि त्यात ३५ प्रवासी होते. त्या विमानाचा वेग आजच्या विमानांच्या निम्म्याहून थोडाच अधिक होता. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर जेट विमानांचा काळ सुरू झाला आणि प्रवासाचे तास झपाट्याने घटले. कैरो आणि जिनिव्हामार्गे अंतर मोजले तर ते ७,९०० किलोमीटरच्या थोडे पुढे जाते. वर दिलेल्या हिशेबात इराण व इराक दोन्ही टाळणाऱ्या आजच्या विमानाचा आकडाही जवळपास तोच आहे, ही गोष्ट आम्हाला उत्तर लिहितानाच लक्षात आली.

प्रश्न : आमच्या तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ रात्री २.०० आणि लंडनला पोहोचण्याची वेळ सकाळी ६.३० आहे. म्हणजे प्रवास साडेचार तासांचाच का? तसेच दुबईमार्गे जाणारे तिकीट स्वस्त मिळते आहे, पण त्यात अंतर फार वाढत असेल अशी भीती वाटते. आम्ही दोघेही सत्तरीच्या पुढे आहोत. (एक दांपत्य, सांगली)

उत्तर : तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ तेथील घड्याळाप्रमाणे छापतात. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या मागे साडेपाच तास असते, म्हणून साडेचारात साडेपाच मिळवावे. प्रवास दहा तासांचा आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. त्या मधल्या काळात फरक साडेचार तासांचा असतो. परतताना हाच फरक वजा करावयाचा. उदाहरणार्थ, हिवाळ्यात लंडनहून सकाळी १०.०० ला निघून मुंबईला रात्री १२.३० ला पोहोचणारे विमान साडेचौदा नव्हे, तर नऊ तास घेते. आपण मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे वेळेवर घेत असाल तर त्या दिवशी कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यावीत, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

दुबईविषयीची भीती मात्र अनाठायी आहे. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई–लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर, म्हणजे एकूण ७,४३० होतात, जे सरळ अंतरापेक्षा सव्वादोनशेनेच जास्त आहेत. दुबई वाटेतच आहे. वेळ जातो तो तेथे थांबण्यात, आणि तो दीड तासापासून आठ-दहा तासांपर्यंत कितीही असू शकतो. स्वस्त तिकिटात तोच मुक्काम लांबलचक असतो. आपल्या वयाला तीन ते चार तासांचा थांबा बरा. त्याहून कमी असेल तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यास धावपळ होते आणि त्या विमानतळावर एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंतची चाल थोडी नाही. दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असावेत, म्हणजे सामान थेट लंडनला जाते आणि पुढचे विमान चुकले तरी सोय लावण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी आणि ती दोन्ही टप्प्यांसाठी नोंदली गेली आहे ना, हे निघण्याच्या दोन दिवस आधी फोन करून पुन्हा विचारावे.